'काइंड ऑफ ब्लू'ची व्हायनल रीइश्यू: पहिली बाजू ३३ वर्षं चढ्या पट्टीत का वाजत होती?

फोनवर गाणं ऐकताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो. स्टुडिओत जे वाजलं तेच आपल्या कानात येतंय. बिटरेट, कॉम्प्रेशन, इअरफोन यांवर आपण तासन् तास वाद घालतो, पण सूर तरी बरोबर असणारच ना? माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या जॅझ अल्बमच्या बाबतीत हे गृहीतक १९५९ पासून १९९२ पर्यंत चुकीचं होतं. जगात सर्वात जास्त विकल्या गेलेल्या जॅझ अल्बमपैकी हा एक. आणि त्याच्या रेकॉर्डची अख्खी पहिली बाजू थोडी जलद आणि थोडी चढी वाजत होती.

मला हे आधी वाचून कळलं नाही. मामांच्या पेटीमुळे कळलं.

मामा मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होते. सत्तरच्या दशकात जहाज न्यूयॉर्कला लागलं असताना त्यांनी ही रेकॉर्ड घेतली आणि कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवून रत्नागिरीला आणली. जॅझ त्यांना फार कळतं असं नाही. पण पेटी चांगली वाजवतात, आणि जे आवडेल ते पेटीवर काढून बघायची सवय. दोन वर्षांपूर्वी मी त्यांचा टर्नटेबल दुरुस्त करून दिला तेव्हा या रेकॉर्डच्या कव्हरमागे पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: "बाजू १ – पांढरी दोन नाही, काळी दोनही नाही. मधेच कुठेतरी."

विचारलं तर म्हणाले, "अरे, त्या रेकॉर्डपायी मी दोनदा पेटीचे सूर लावून घेतले. पेटीवाला म्हणायचा पेटीत काही दोष नाही. शेवटी म्हटलं, अमेरिकेतल्या लोकांचा सूर वेगळा असेल."

माझं काम सॉफ्टवेअरचं. "माझ्याकडे बरोबर चालतंय" हे वाक्य मी रोज ऐकतो आणि त्यावर विश्वास ठेवत नाही. म्हणून बसलो शोधत. या लेखात ती शोधाशोध, त्यामागचं तंत्र, आणि आज या अल्बमची व्हायनल घ्यायची असेल तर काय बघायचं ते सगळं सांगतो.

रेकॉर्डची थोडक्यात ओळख

'काइंड ऑफ ब्लू' सहा जणांच्या छोट्या गटाने वाजवलेला अल्बम आहे. ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, आल्टो सॅक्सोफोनवर कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स, डबल बेसवर पॉल चेंबर्स आणि ड्रमवर जिमी कॉब. 'फ्रेडी फ्रीलोडर' या एका रचनेत पियानोवर विंटन केली आहे. ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया कंपनीच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत झालं. ही इमारत आधी चर्च होती, त्यामुळे छत उंच आणि खोली गुंजणारी. रेकॉर्ड १७ ऑगस्ट १९५९ ला बाजारात आली.

आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाच्या तारखा दोनच. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना, म्हणजे 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन', २ मार्च १९५९ ला मुद्रित झाल्या. दुसऱ्या बाजूच्या दोन, 'ऑल ब्लूज' आणि 'फ्लेमेन्को स्केचेस', २२ एप्रिलला. वेगवेगळे दिवस. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

(सुरुवातीच्या काही प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या या दोन रचनांची नावं उलटसुलट छापली गेली होती. म्हणजे गोंधळ फक्त टेपवरच नव्हता. जुन्या प्रती जमवणारे लोक आता हीच चूक शोधत फिरतात.)

पेटी वाजवणाऱ्याला हा अल्बम का पकडतो?

त्या काळच्या बऱ्याच जॅझमध्ये पियानोचे कॉर्ड भराभर बदलायचे आणि वाजवणाऱ्याने त्या शर्यतीत धावायचं असा प्रकार होता. डेव्हिसने इथे ती शर्यत बरीचशी थांबवली. एक स्वरसमूह घ्यायचा आणि त्यातच बराच वेळ राहायचं. याला मोडल जॅझ म्हणतात. आपल्याकडे राग ऐकणाऱ्या माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. अर्थात हा राग नाही. रागाचे चलन, वादी-संवादी, पकड असलं काही यात नाही, नुसती स्वरांची चौकट आहे.

'सो व्हॉट' ज्या डोरियन मोडमध्ये आहे त्याचे स्वर म्हणजे आपला काफी थाट. गंधार आणि निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध. रचनेचा एक फेरा ३२ मात्राखंडांचा. पहिले १६ पांढरी दोनमध्ये काफी, मधले ८ अर्धा स्वर वर म्हणजे काळी दोनमध्ये काफी, आणि शेवटचे ८ परत पांढरी दोनमध्ये. बस्स, एवढंच. सुरुवातीला डबल बेस एक ओळ म्हणतो आणि बाकीचे दोन कॉर्डमध्ये त्याला उत्तर देतात.

म्हणजे मामांनी रचनेचा ढाचा अगदी बरोबर ओळखला होता. षड्ज पांढरी दोनच्या जवळ आहे आणि मध्ये तो एक पट्टी वर सरकतो. फक्त पेटीचा षड्ज आणि रेकॉर्डचा षड्ज एकमेकांवर बसत नव्हते. पेटीचं काय असतं, गळ्यासारखी ती सरकत नाही. तंबोरा असता तर त्यांनी खुंटी पिळून जुळवून घेतलं असतं आणि हा प्रश्न कधी उभाच राहिला नसता.

शोधाशोध: दोष कुणाचा?

संशयित तीन. पेटी, टर्नटेबल आणि रेकॉर्ड.

पेटी सगळ्यात सोपी. फोनवर ट्यूनर ॲप उघडलं आणि एकेक पट्टी दाबून बघितली. चाळीस वर्षांच्या पेटीच्या मानाने सूर चोख होते. पेटीवाला खरं बोलत होता.

मग टर्नटेबल. माझा खरा संशय यावरच होता, कारण जुन्या मशीनचा रबरी पट्टा सैल होतो आणि वेग हलतो. इथे तुमचा फोन भारी कामाचा आहे. फोनमध्ये जायरोस्कोप असतो, म्हणजे फोन किती वेगाने फिरतोय ते मोजणारा सेन्सर. गेम खेळताना तो काम करत असतो. आरपीएम मोजणारं कुठलंही साधं ॲप घ्या, टर्नटेबलवर एखादी टाकाऊ रेकॉर्ड ठेवा, त्यावर फोन ठेवा आणि फिरवा. लाँगप्ले रेकॉर्डचा वेग मिनिटाला ३३⅓ फेरे. गुणाकार करून बघा: सेकंदाला बरोबर २०० अंश. फोन नेमका मध्यावर नसला तरी आकडा तोच येतो, कारण फिरणाऱ्या तबकडीवर कोनीय वेग सगळीकडे सारखाच असतो. फक्त सुईचा हात आधी अडकवून ठेवा, आणि तबकडी हलकी असेल तर फोन शक्यतो मधोमधच ठेवा, नाहीतर ती एका बाजूला कलते. चांगली रेकॉर्ड खाली ठेवू नका. कॅमेऱ्याच्या उंचवट्याने ओरखडा पडतो. (कसं कळलं ते विचारू नका.)

मामांचा टर्नटेबल २०० अंशांच्या आसपासच फिरत होता. थोडी थरथर होती, पण पट्टी चढावी इतकी नाही.

तरीही मला खात्री वाटेना. म्हणून रेकॉर्ड उलटली आणि दुसरी बाजू लावली. 'ऑल ब्लूज' पांढरी पाचमध्ये आहे. मामांनी पांढरी पाच दाबली. जुळली! काही न करता, अगदी स्वच्छ जुळली. तीच पेटी, तोच टर्नटेबल, तीच तबकडी. एक बाजू जुळते आणि दुसरी नाही. म्हणजे दोष आपल्या खोलीत नाहीच. तो खोबणीत कोरलेला आहे.

त्यानंतर मी वाचायला बसलो. आणि जे वाचलं ते मामांना सांगायला रात्री साडेअकराला उठवलं.

टेप हळू फिरली तर आवाज चढा कसा?

२ मार्चच्या त्या दिवशी स्टुडिओत तीन ट्रॅकच्या टेप मशीनवर ध्वनिमुद्रण चालू होतं. डावा, मधला आणि उजवा असे तीन ट्रॅक. ज्या मशीनवर मुख्य टेप, म्हणजे मास्टर, भरत होती ते मशीन ठरलेल्या वेगापेक्षा किंचित हळू चालत होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. येणार तरी कसं? संगीत तर समोर प्रत्यक्ष वाजत होतं, बरोबर सुरात.

इथे डोकं जरा गरगरतं, कारण मशीन हळू होतं आणि परिणाम मात्र जलद. आकड्यात बघू. अशा टेपचा ठरलेला वेग सेकंदाला १५ इंच, म्हणजे साधारण ३८ सेंटिमीटर. समजा मशीन ३७ सेंटिमीटरनेच चाललं. (हा आकडा फक्त उदाहरणासाठी.) मग एका सेकंदाचं संगीत ३७ सेंटिमीटर टेपवर बसलं. पुढे रेकॉर्ड बनवताना ही टेप दुसऱ्या, बरोबर वेगाच्या मशीनवर लावली. ते मशीन ३७ सेंटिमीटर टेप एका सेकंदाच्या आतच खाऊन टाकणार. संगीत आटोपलं लवकर, आणि कंपनं दाटीने आल्यामुळे सूर वर गेला. एप्रिलच्या दिवशी हा दोष नव्हता, म्हणून दुसरी बाजू ठीक.

तुम्ही म्हणाल, व्हॉट्सॲपवर आवाजी मेसेज दीडपट वेगाने ऐकतो, तेव्हा आवाज कुठे चिरका होतो? बरोबर. कारण तिथे सॉफ्टवेअर मुद्दाम आवाजाचे बारीक तुकडे करून, मधले काही गाळून, सूर तोच ठेवतं. टेपमध्ये ती सोय नाही. वेग आणि सूर एकाच दोरीला बांधलेले.

फरक किती होता? यावर लिहिणारे सहसा 'जवळपास पाव टोन' म्हणतात. पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर अर्धा टोन. त्याच्या निम्मं म्हणजे पाव टोन. अर्ध्या टोनला कंपनं सुमारे ६ टक्के वाढतात, पाव टोनला सुमारे ३ टक्के. मामांची पेन्सिल काय म्हणत होती? पांढरी दोन नाही, काळी दोनही नाही, मधेच कुठेतरी.

ही चूक मला फार ओळखीची वाटली, कारण मी स्वतः एकदा हीच केलीय. पहिल्या नोकरीत भजनं रेकॉर्ड करायच्या एका ॲपवर काम करत होतो. फोन सेकंदाला ४४,१०० नमुने घेत होता आणि मी फाइलच्या वर लिहून ठेवलं होतं ४८,०००. वाजवणारा प्लेअर बिचारा लिहिलंय तसं वाजवणार. सगळं जवळपास ९ टक्के जलद, पेटीच्या हिशेबात दीड पट्टी वर. टेस्टिंगमध्ये आम्ही फक्त 'हॅलो हॅलो' बोलून बघितलं होतं, त्यात कुणाला काही खटकलं नाही. पहिली तक्रार आली ती एका भजनी मंडळाच्या आजींची: "आमची पट्टी कुणी चढवली?" माहिती सगळी शाबूत होती. फक्त ती कुठल्या वेगाने वाचायची हे चुकीचं नोंदलं होतं. कोलंबियाच्या टेपचंही अगदी तेच. संगीताचा एक कणही हरवला नव्हता.

१९९२: बॅकअप टेप बाहेर निघाली

सुदैवाने त्या दिवशी स्टुडिओत दोन मशीन एकाच वेळी चालू होती. एकावर मास्टर, दुसऱ्यावर सुरक्षेसाठी दुसरी प्रत. दुसरं मशीन बरोबर वेगाने चालत होतं. पण बॅकअप कुणी उघडून बघत नाही. तुम्ही शेवटचा कधी बघितला होता? ती टेप कपाटात पडून राहिली आणि रेकॉर्ड, कॅसेट, अगदी ८०च्या दशकातली सीडीसुद्धा चढ्या मास्टरवरूनच निघत राहिली.

१९९२ मध्ये सीडीची नवी आवृत्ती करताना मार्क वाइल्डर या ध्वनी अभियंत्याने ही सुरक्षा टेप वापरली आणि फरक उघड झाला. तेव्हापासून निघालेल्या बहुतेक अधिकृत आवृत्त्यांमध्ये पहिली बाजू बरोबर वेगात असते. १९९७ ला वाइल्डरनेच तीन ट्रॅकच्या टेपवरून पुन्हा मिश्रण केलं, आणि त्या वेळी 'फ्लेमेन्को स्केचेस'चा न वापरलेला आणखी एक टेकही बाहेर आला. आज स्ट्रीमिंग ॲपवर तुम्ही जे ऐकता ते साधारणपणे दुरुस्त झालेलंच असतं.

माझ्या मते या गोष्टीत सगळ्यात मोठा माणूस तो आहे ज्याने १९५९ मध्ये दुसरं मशीन लावायचा नियम पाळला. ऑफिसात बॅकअपसाठी जागा मागितली की कपाळाला आठ्या पडतात त्या सगळ्यांना ही गोष्ट ऐकवावी.

टेपपासून तबकडीपर्यंत

रीइश्यू म्हणजे जुनाच अल्बम नव्याने कोरून, नव्याने छापून काढणं. यात नव्याने काय होतं ते समजलं की पैसे कशाचे द्यायचे तेही समजतं.

ॲल्युमिनियमच्या तबकडीवर लॅकरचा मऊ थर असतो. टेप किंवा डिजिटल फाइल वाजवत त्यावर गरम सुईने खोबण कोरतात. मग लॅकरवर चांदीचा पातळ थर, त्यावर निकेल चढवून उलटा साचा, साच्यावरून साचा, आणि शेवटी त्या साच्यांमध्ये गरम पीव्हीसी दाबून रेकॉर्ड. चहाच्या टपरीवरच्या टोस्टरसारखं काम. (लॅकर बनवणारे जगात इतके थोडे आहेत की फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातला एक कारखाना जळाला तर सगळ्या व्हायनल धंद्याचं धाबं दणाणलं.)

खरी कारागिरी कोरण्यात आहे. तबकडी फिरते एकाच वेगाने, पण बाहेरचा घेर मोठा आणि आतला लहान. सुईखालून बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खोबण जाते, लेबलजवळ जेमतेम २० च्या आसपास. तितकंच संगीत निम्म्याहून कमी जागेत. म्हणून बाजूच्या शेवटी आवाज थोडा घुसमटतो. काही महागड्या आवृत्त्या हा अल्बम दोन तबकड्यांवर, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने देतात ते यासाठीच. खोबणीला जागा जास्त मिळते. बदल्यात तुम्ही दर दहा-बारा मिनिटांनी उठून रेकॉर्ड उलटायची.

आता प्रश्न, यांपैकी कुठली? नव्वदच्या दशकात क्लासिक रेकॉर्ड्स या कंपनीने बर्नी ग्रुंडमनकडून हा अल्बम कोरून घेतला, ती आवृत्ती शौकीन लोक अजून शोधतात. २०१५ मध्ये मोबाइल फिडेलिटीची ४५ फेऱ्यांची आली. २०२१ मध्ये ॲनालॉग प्रॉडक्शन्सची, पारदर्शक २०० ग्रॅम व्हायनलवर, क्रमांक घातलेली. यांच्या किमती आपल्याकडे कस्टम ड्यूटीसकट मधल्या दर्जाच्या फोनच्या आसपास जातात. मी यातली एकही घेतलेली नाही आणि घेणारही नाही.

स्टिकरवरचे शब्द

'१८० ग्रॅम' म्हणजे प्लास्टिक जास्त. तबकडी जड, कमी वाकते, हातात छान वाटते. आवाज चांगलाच असेल असं मात्र नाही. खराब टेपवरून कोरलेली १८० ग्रॅमची रेकॉर्ड ही जाड खराब रेकॉर्ड असते.

'रीमास्टर्ड' या शब्दाचा अर्थ एवढाच की कुणीतरी पुन्हा काहीतरी केलं. कुणी, कशावरून, ते लिहिलेलं नसेल तर शब्द रिकामा.

'मूळ टेपवरून' इथे नीट वाचायचं. या अल्बमबाबत मूळ टेप म्हटलं तर चढी मास्टरही मूळ आणि बरोबर वेगाची सुरक्षा टेपही मूळच. 'बरोबर वेग' किंवा 'दुरुस्त केलेली पट्टी' असा उल्लेख शोधा.

आणि 'संपूर्ण ॲनालॉग'. याची एक वेगळीच कहाणी आहे. मोबाइल फिडेलिटी ही कंपनी मूळ टेपवरून थेट कोरते अशी गिऱ्हाइकांची समजूत होती. जुलै २०२२ मध्ये बाहेर आलं की २०११ पासून त्यांच्या कित्येक रेकॉर्ड बनवताना मध्ये एक डिजिटल टप्पा होता. डिजिटलचा 'थंड' आवाज आम्हाला लगेच कळतो म्हणणाऱ्या लोकांना दहा वर्षं कळलं नव्हतं! प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं आणि अडीच कोटी डॉलरच्या समझोत्यावर मिटलं. माझ्या मते डिजिटल टप्पा वाईट नाहीच, नीट केला तर तो टेपची झीज वाचवतो. लपवणं वाईट.

एक सावधगिरी. युरोपात १९६३ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांचा स्वामित्वहक्क संपलेला आहे. त्यामुळे तिथे कुणीही कायदेशीरपणे 'काइंड ऑफ ब्लू' छापू शकतो. अशा प्रती स्वस्त असतात, ऑनलाइन दुकानांत वरच दिसतात, कव्हर कधी कधी वेगळं असतं. त्या कशावरून कोरल्या हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. एखाद्या सीडीवरून असतील, आणि सीडी १९९२ पूर्वीची असेल तर चढी पट्टी फुकट.

घरी तपासायचं असेल तर

'सो व्हॉट' लावा, सुरुवातीचा संथ तुकडा सोडा, बेसची ओळ चालू होऊ द्या. फोनवर पियानोचं ॲप उघडून पांढरी दोन, म्हणजे डी, दाबून ठेवा. सूर एकमेकांत विरघळले तर आवृत्ती बरोबर. त्यांच्यात वँव वँव अशी लाट ऐकू आली तर नाही. मात्र निकाल देण्याआधी 'ऑल ब्लूज' लावून पांढरी पाच तपासाच. तीही जुळली नाही तर दोष तुमच्या टर्नटेबलचा आहे, उगाच दुकानदाराशी भांडू नका. जुनी प्रत असेल आणि टर्नटेबलला वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी असेल तर पहिल्या बाजूला ती कानाने जुळेपर्यंत मागे घ्या. दुसऱ्या बाजूला परत शून्यावर आणायला विसरू नका.

मग मूळ कुठली?

हा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा अवघड निघाला. त्या सहा जणांनी खोलीत जे वाजवलं ते दुरुस्त आवृत्तीत आहे, यात शंका नाही. पण जगाने ३३ वर्षं जे ऐकलं, ज्यावर पोरं जॅझ शिकली, आपली वाद्यं वर चढवून ज्याच्याबरोबर रियाज केला, ती रेकॉर्ड चढी होती. कोल्ट्रेन १९६७ मध्ये गेला, बिल एव्हान्स १९८० मध्ये, डेव्हिस स्वतः १९९१ मध्ये. दुरुस्त झालेली पहिली बाजू या तिघांच्या हयातीत बाजारात आलीच नव्हती. सहा जणांपैकी ती बघायला उरला फक्त जिमी कॉब. तो २०२० पर्यंत होता.

इंजिनिअर म्हणून माझं उत्तर पक्कं आहे: बग तो बग, दुरुस्त करा. पण तीस वर्षं लोक एखाद्या बगवर विसंबून राहिले की तो काढताना हात थबकतो, हेही मी कामात बघितलंय.

मामांसाठी मी साधी, एका तबकडीची, दुरुस्त वेगाची प्रत मागवली. साडेतीन हजार पडले. दिवाळीत घेऊन गेलो. त्यांनी पेटी पुढे ओढली, भाता सोडला, बेस सुरू झाल्यावर पांढरी दोन दाबली आणि दाबूनच बसले. मधला भाग आला तशी काळी दोन, मग परत पांढरी. पूर्ण रचना संपेपर्यंत बोलले नाहीत.

मग म्हणाले, "जुळतंय." थोड्या वेळाने, "पण सुस्त वाटतं रे."

मी म्हटलं, "मामा, हाच खरा वेग आहे."

"असेल. मी दुसरा ऐकलाय पन्नास वर्षं."

नव्या कव्हरच्या मागे त्यांनी पेन्सिलीने लिहिलं: "बाजू १ – पांढरी दोन." जुनी प्रत मला द्याल का विचारलं, तर ती त्यांनी कपाटात ठेवून कडी लावली.